ओठ न हलवता

"आधी त्यांना साधं वाचता येऊ द्या, मॅडम," तो क्लासवाला म्हणाला आणि समजूतदारपणे हसला.

माणूस वाईट नव्हता. पाथर्डीत एका मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर त्यानं मुलांना वेगानं वाचायला शिकवण्याचा क्लास काढला होता. खाली रस्त्यावर मोठा फ्लेक्स लावलेला, त्यावर चष्मा घातलेला गुबगुबीत मुलगा आणि त्याच्याभोवती उडणारी पुस्तकं. मी त्याला एवढंच विचारायला गेले होते, की माझ्या शाळेवर एखादा तास येऊन मुलांना काही दाखवाल का. त्यानं शाळा कुठली ते विचारलं, मुलं कुणाची ते विचारलं. मी सांगितलं, वस्तीवरची शाळा आहे, निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की ऊसतोडणीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. त्यावर तो ते वाक्य बोलला.

मी जिना उतरले, स्कूटीला किक मारली आणि वस्तीच्या फाट्यापर्यंत सगळा रस्ताभर त्याला उत्तरं देत राहिले. समोरून येणाऱ्या जीपवाल्याला वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं.

त्याच्याकडे जायचं कारण चौथीतली एक मुलगी होती. आमच्या शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मुख्याध्यापक पहिली-दुसरी घेतात, मी तिसरी-चौथी. त्या आठवड्यात मी या मुलीला धडा वाचायला उभं केलं होतं. ती अक्षर अक्षर लावत वाचायची. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाला बोट लावून, पाटावर बसलेल्या पाहुण्यांना एकेक वाटी वाढावी तसं. एक लांबलचक वाक्य तिनं असंच घाम गाळून पार केलं. चूक एकही नाही. मी विचारलं, कोणी कोणाला बोलावलं? तिचं बोट पुन्हा वाक्याच्या सुरुवातीकडे गेलं. मी म्हटलं, अगं, आत्ता तर वाचलंस.

"बाई, ते मागं राह्यलं," ती म्हणाली.

मी बरीच वर्षं शिकवत होते, पण वाचनाबद्दल इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत वाक्याचं तोंड तिच्या हातातून सुटलेलं असायचं. तिला अक्षरं येत होती, शब्द येत होते. वेग नव्हता म्हणून अर्थ नव्हता. आणि मी आजवर काय करत होते, तर सावकाश वाच बाळा, घाई नको, असं म्हणत होते. प्रेमानं म्हणत होते, पण तेच म्हणत होते.

आमच्या खात्यात या मुलांबद्दल एक ठरलेली भाषा आहे. कोणी ती वाईट मनानं बोलत नाही. सहा महिने शाळेत नसतात हो, वाचायला लागली तरी मोठी गोष्ट. जोडाक्षरं आली तरी पुष्कळ. ही कीव मी स्वतः बैठकांमध्ये चहाबरोबर घेतलेली आहे. क्लासवाल्याच्या तोंडून ती ऐकली तेव्हा मात्र मला ती सोसवेना. ज्यांच्या हातात वर्षाचे निम्मेच महिने आहेत, त्यांनाच तर भरभर वाचता आलं पाहिजे. सावकाश वाचायची चैन त्या गुबगुबीत मुलाला परवडेल.

तर मी ठरवलं, की आपणच शिकवायचं. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

सुरुवात लग्नपत्रिकांपासून झाली. आमच्या भागात लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग साचतो. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून मी जाड स्केचपेननं शब्द लिहिले. पत्रिका वर करायची आणि लगेच खाली. पोरांनी ओळखायचं. पहिल्या दिवशी वर्गात गोंधळ माजला. "बाई, दाखवा की नीट," सगळ्यांची एकच तक्रार. मी दाखवत नव्हते. काही दिवसांनी पोरं एका नजरेत शब्द उचलायला लागली. अक्षरं सुटी दिसायची थांबली आणि 'विहीर' हा अख्खा शब्द त्यांना ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसायला लागला. मग मी दोन दोन शब्द लिहिले, मग 'आईने हाक मारली' एवढं, मग त्याहून मोठं.

पुढची अडचण ओठांची होती. मनात वाचा म्हटलं तरी सगळ्यांचे ओठ हलायचे, वर्गभर कुजबुज चालायची. ओठ हलले की वाचणारा बोलण्याच्या वेगानंच जातो, डोळ्याच्या वेगानं जात नाही. हे मला माझ्याच वाचनाकडे लक्ष दिल्यावर कळलं. मग मी प्रत्येकाला गवताची एक काडी ओठांत धरायला लावली. वाचताना काडी हलता कामा नये. हलली की पान पहिल्यापासून. मुख्याध्यापक काहीतरी विचारायला दारात आले आणि तिथंच थबकले. समोर सगळा वर्ग काड्या तोंडात धरून, मान खाली घालून, शांत.

"बाई, हे काय, गोठा केलाय का वर्गाचा?" ते म्हणाले.

मी म्हटलं, सर, वाचन चाललंय. ते निघून गेले. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला सज्जन माणूस. माझ्या वाटेत कधी आले नाहीत आणि माझ्या बाजूनंही कधी बोलले नाहीत.

तिसरी गोष्ट फाट्यावरची. शाळेपासून हाकेच्या अंतरावर एसटीचा निवारा आहे, पत्र्याचा, मागे सिमेंटचा कट्टा असलेला. मधल्या सुट्टीनंतर मी पोरांना तिथं कट्ट्यावर ओळीनं बसवायची. गाडी आली की पाटी वाचायची. एसटी थांबणारी असली तर सोपं, पण बऱ्याच गाड्या न थांबता जायच्या आणि पाटी दिसली-न-दिसली की संपायची. टेम्पोच्या मागची नावं, ट्रकवरचे आशीर्वाद, जीपच्या काचेवरचे देव, पिकअपवर लिहिलेलं गावाचं नाव आणि मालकाच्या तिन्ही पोरांची नावं. सगळं धावतं. एकानं वाचलं की दुसऱ्यानं सांगायचं बरोबर का चूक. माझा नियम एकच होता, नुसतं वाचून चालणार नाही. गाडी कुठून कुठं चालली ते सांगायचं. पैठणची पाटी वाचली तर पैठण कुठल्या बाजूला, तिथं काय आहे, तेही बोलायचं. अर्थ आला नाही तर वेग धरला जायचा नाही.

यावरून पहिली कुरकुर झाली. शाळा समितीचे अध्यक्ष गावातले वजनदार गृहस्थ. त्यांनी पालकांच्या सभेत विषय काढला. बाई शाळेच्या वेळात पोरं रस्त्यावर बसवतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. बोलणं अगदीच चूक नव्हतं. मी सांगितलं, पोरं निवाऱ्याच्या आत कट्ट्यावर असतात, मी त्यांच्या आणि रस्त्याच्या मधे उभी असते, आणि जबाबदार मी. ते म्हणाले, पुस्तकं काय कमी पडली का? मी म्हटलं, पुस्तक उभं राहून वाट बघतं, गाडी बघत नाही. सभेत थोडा हशा पिकला आणि तो त्यांना आवडला नाही. तुम्ही हे बंद करा, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मी तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं, की बंद करणार नाही. लेखी द्या, मी लेखी उत्तर देईन. लेखी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आम्ही कट्ट्यावर होतो.

दिवाळी झाली आणि वस्ती रिकामी व्हायला लागली. ट्रॅक्टर आले, भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या वर चढल्या. काही मुलं आजोबा-आजीकडे राहिली, काही वसतिगृहात गेली. 'मागं राह्यलं' म्हणणारी ती मुलगी जाणार होती, कारण धाकटा भाऊ अजून अंगावरचा होता आणि आईवडील फडात असताना त्याला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्या वडलांना थांबवून पाहिलं. ते माझ्याशी नीट बोलले, पण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि ती माझ्याकडेही नव्हती. मी तिच्या पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा आणि जुन्या मासिकांची चळत टाकली. ती ट्रॅक्टरवर बसली तेव्हा मी मनाशी धरून चालले होते, की पाडव्याला हिला पुन्हा काना-मात्रेपासून धरावं लागणार. दरवर्षी तेच व्हायचं.

तसं झालं नाही. परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी पत्रिका वर केली आणि खाली नेण्याच्या आत तिनं शब्द सांगितला. मग मी धडा दिला. तिनं डोळे वरून खाली नेले आणि पुस्तक मिटलं. मी विचारलं, तिनं सांगितलं. काही मागं राहिलेलं नव्हतं.

तिकडं काय केलंस म्हणून विचारलं तर तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी, भावाला मांडीवर घेऊन बसायची, समोरच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायचे, त्यांच्या मागं काय काय लिहिलेलं असायचं. मासिकं संपल्यावर खताच्या गोण्या वाचल्या. वड्याचे कागद वाचले, तेलानं पारदर्शक झालेले, दोन्ही बाजूंचं एकदम दिसायचं म्हणून जरा अवघड. परत येताना एका मोठ्या स्टँडवर बापानं चौकशीच्या खिडकीत विचारलं तर कुणी धड सांगेना. एक गाडी वळण घेत होती, तिची पाटी हिनं लांबूनच वाचली आणि आईला म्हणाली, ही आपली. तिघं धावली आणि गाडी मिळाली.

"पण खिडकीची जागा न्हाई मिळाली," ती म्हणाली. तिला त्याचंच वाईट वाटत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाचनाची तपासणी आली. तपासायला आलेले साहेब नवे होते, तरुण, कामाला चोख. मोबाईलवर घड्याळ लावायचं, मुलानं मोठ्यानं वाचायचं, वेळ संपली की किती शब्द झाले ते मोजायचं. बाकीच्यांचं झालं, मग हिची पाळी आली. साहेबांनी उतारा दिला आणि घड्याळ सुरू केलं. ती उभी राहिली, कागदाकडे पाहिलं आणि कागद परत केला.

"वाच ना," साहेब म्हणाले.

"वाचलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिनं वाचलंय, विचारा तुम्ही. ते म्हणाले, विचारायचं नंतर, आधी वाचायला हवं ना, तोंड हललंच नाही तर मोजू काय? मी म्हटलं, हेच शिकवलंय मी वर्षभर. मुख्याध्यापकांनी मधे पडून मुलीला सांगितलं, बाळ, मोठ्यानं म्हण बरं. ती माझ्याकडे पाहायला लागली. मी मान हलवली असती तर तिनं मोठ्यानं वाचलं असतं, रकाना भरला असता आणि साहेब पुढच्या शाळेला गेले असते. मी मान हलवली नाही.

साहेब म्हणाले, हा उतारा तिनं आधी पाहिलेला असणार. तिथं माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुमच्या बॅगेत वर्तमानपत्र दिसतंय. त्यातली तुम्हाला हवी ती बातमी द्या. मी आजचा पेपर पाहिलेला नाही, आमच्याकडे तो दुपारच्या गाडीनं येतो.

त्यांनी पेपर काढला, घडी घातली आणि एक बातमी बोटानं दाखवली. तिनं वाचली. काडी नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते. डोळे मात्र उतारावरच्या पाण्यासारखे खाली येताना दिसत होते. मग तिनं सांगितलं, कुठल्याशा गावाला पाण्याची टाकी बांधली, ती भरल्यावर फुटली, चौकशी झाली, इंजिनिअर निलंबित झाला. तिचं सांगून झालं, तरी ती बसली नाही.

"निलंबित म्हंजी काय वं?"

साहेबांनी तिला समजावून सांगितलं, की कामात कसूर केली की नोकरीवरून काही काळ बाजूला ठेवतात. बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि मुख्याध्यापकांचीही. मला हसू आवरेना. साहेब थोडे ओशाळले, पण कागदावर त्यांनी लिहिलं ते असं, की विद्यार्थिनीनं प्रकट वाचन केलं नाही, म्हणून शून्य. खाली वर्गशिक्षिकेची सही हवी होती.

मी म्हणाले, "या आकड्याखाली माझी सही मिळणार नाही."

त्यांनी समजावलं. माझ्या हातात नाही, रकाना एवढाच आहे, म्हणाले. मी म्हटलं, रकाना चुकीचा असेल तर तो बदला, मुलगी बदलणार नाही. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. साहेबांनी कागद बॅगेत घातले, आणि सही नसलेल्या कागदाचं काय होतं ते तुम्हाला कळेल, असं काहीसं बोलून ते गेले. मुलीनं विचारलं, बाई, मी नापास का? मी म्हटलं, तू नाहीस. मग आम्ही पुढचा धडा घेतला.

खुलासा मागणारं पत्र आलंच. घरी सगळे म्हणाले, दिलगिरी लिहून टाक, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला ताणतेस. मी दिलगिरी लिहिली नाही. घडलं ते लिहिलं आणि शेवटी लिहिलं, की मुलीनं वाचलं होतं, ज्याला शंका असेल त्यानं यावं. पंचायत समितीत बोलावलं तेव्हा टेबलापलीकडे एक पोक्त अधिकारी बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या, नियम नियमच राहणार. तपासणीच्या दिवशी पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्या, बाकीचे दिवस तुमचे. मी विचारलं, त्या शून्याचं काय? त्या म्हणाल्या, पुन्हा तपासणी लावते. तीही लागली. मुलीनं मोठ्यानं वाचलं आणि बऱ्यापैकी शब्द भरले, मनातल्या वाचनापेक्षा खूपच कमी. त्या आकड्याखाली मी सही केली, पण शेजारच्या कोऱ्या जागेत तिनं मनात किती वाचलं आणि काय सांगितलं, तेही लिहिलं. तसं मी आजही लिहिते. वर कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. तरीही लिहिते.

या सगळ्यात मला एकदाच खरा धक्का बसला, आणि तो साहेबांकडून नव्हता. उन्हाळ्यात एका दुपारी त्या मुलीचे वडील शाळेत आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उंच, उन्हानं रापलेला माणूस, माझ्याशी बोलताना नेहमी जमिनीकडे बघणारा. आज मात्र माझ्याकडे बघत होते.

"बाई, तुमी पोरीचा आवाज घालवला," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांना वाचता येत नाही. पोरगी पहिलीत गेल्यापासून संध्याकाळी ती धडा वाचायची आणि ते ऐकायचे. अडखळायची, थांबायची, लई वेळ लावायची, पण त्यांना सगळं कळायचं. ससा कुठं गेला, राजाचं काय झालं. फडावरनं आल्यावर पाठ मोडलेली असायची, तरी तेवढं ऐकायचे. आता ती पुस्तक उघडते, तोंड मिटते, पानं उलटते आणि पुस्तक ठेवून देते. विचारलं तर थोडक्यात सांगते.

"ती फुडं गेली, चांगलंच हाय. पर मला काईच ऐकू येत न्हाई आता."

मी पोरीला वेग दिला होता, आणि तिच्या घरातला एक श्रोता मला दिसलाच नव्हता. तरी मी त्यांना वेग काढून घेते असं म्हटलं नाही, तसं म्हणणारही नव्हते. मी मुलीला हाक मारली. ती आली, बापाला शाळेत बघून बावरली. मी तिला म्हटलं, स्वतःसाठी वाचायचं ते ओठ मिटून, कितीही भरभर. वडलांसाठी वाचायचं ते मोठ्यानं, त्यांच्या चालीनं. दोन्ही वाचनंच आहेत, आणि दोन्ही तुला आली पाहिजेत.

तिनं कपाटातून एक गोष्टीचं पुस्तक आणलं. वडील शेवटी बसले, दारातल्या पायरीवर. तिनं सुरुवात केली, पण सवयीनं सुसाट सुटली. शब्द एकमेकांवर आदळायला लागले. त्यांनी हात वर केला.

"हळू. मी चालत येतुय."

ती थांबली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. या वेळी सावकाश, पण पूर्वीसारखं एकेक अक्षर चाचपत नव्हे. पुढचं वाक्य तिच्या डोळ्यांनी आधीच उचललेलं असायचं, म्हणून कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, ते तिला आधीच कळत होतं. ते मान हलवत होते. मधेच एकदा म्हणाले, पुन्यांदा म्हन ते. तिनं म्हटलं. मुख्याध्यापक शेजारच्या खोलीतून येऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

मी आता आठवड्यातून एक दिवस पोरांना घरी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगते. आई, आजोबा, कोणीही चालेल, ऐकणाऱ्याची सही किंवा अंगठा आणायचा नाही, कागद भरायचा नाही. बाकीचे दिवस माझे. ती मुलगी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. तिथल्या सरांनी तिला विचारलं म्हणे, पुस्तक नुसतं बघत काय बसतेस. ती म्हणाली, विचारा काय विचारायचं ते.

यंदाच्या चौथीत दिवाळीनंतर जाणारी मुलं नेहमीइतकीच आहेत. काल शेजारच्या गावच्या शाळेत नव्यानं बदलून आलेल्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, या मुलांना एवढा ताण कशाला देता, थोडं सांभाळून घ्या ना. मी त्यांना म्हटलं, सांभाळून घेणारे त्यांना पुष्कळ भेटतील. मग मी पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि वर्गात गेले.